परमनंट प्रियकर

रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास चिंचवडच्या चौकाचौकांत काही माणसं गुपचूप उभी असतात. डोळे लाल, चेहरे ओढलेले, गळ्यात पट्टा, हातात डबा. कुणी कुणाशी बोलत नाही. लांबून दोन दिवे येतात, दार उघडतं, माणसं आत गडप होतात आणि चौक मोकळा होतो. नवख्या माणसानं हे पाहिलं तर तो रामरक्षा म्हणायला लागेल. पण ती थर्ड शिफ्टची बस असते आणि ती माणसं चाकणला गाड्यांचे पार्ट बनवायला निघालेली असतात.

मी त्यांतलाच एक. क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करणं हे माझं काम. दर तीन आठवड्यांनी माझी थर्ड लागते आणि तेवढ्यापुरता मी माणसांतून उठतो. दिवसा काळ्या पडद्याआड झोपतो. घंटागाडीचं गाणं, भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, या सगळ्यांना उशीखालून शाप देतो. दुपारी बेल वाजली की दाराशी हिचा दबका आवाज येतो, ‘झोपलेत.’ हे ती अशा सुरात म्हणते की आलेला माणूस चप्पल न वाजवता परत जातो. ऊन डोळ्यांना सोसत नाही, भूक नको त्या वेळी लागते. त्यामुळे आमच्या कन्येनं अमेरिकन व्हॅम्पायरांचे नियम मला समजावून सांगितले, की ते रात्री जागतात, दिवसा अंधारात लपतात, उन्हानं भाजतात, तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘नाइट अलाउन्स किती मिळतो त्यांना?’

‘पप्पा, तुम्हाला ना, रोमान्सच कळत नाही,’ असं म्हणून तिनं हेडफोन लावला.

मालिकेचं नाव ‘द व्हॅम्पायर डायरीज’. एल. जे. स्मिथ यांच्या १९९१पासून निघालेल्या कादंबऱ्यांवरून ती घेतली आहे. २००९च्या सप्टेंबरात अमेरिकेत सुरू झाली आणि आठ सीझन, १७१ भाग होऊन २०१७च्या मार्चात संपली. कन्याही २००९चीच. तिच्या अकरावी सायन्सच्या पुस्तकांतलं काहीही १७१ भागांपर्यंत टिकलेलं नाही, पण या मालिकेशी तिचं सख्य दांडगं.

गोष्ट अशी. व्हर्जिनिया राज्यात मिस्टिक फॉल्स नावाचं एक कल्पित गाव आहे. तिथले स्टीफन आणि डेमन हे दोन सख्खे भाऊ १८६४ साली कॅथरीन नावाच्या एकाच बाईच्या नादी लागले, मेले आणि व्हॅम्पायर होऊन उठले. १४५ वर्षांनी ते गावात परत येतात, तर तिथं हुबेहूब कॅथरीनसारखी दिसणारी एलेना नावाची शाळकरी मुलगी. दोघांचंही मन पुन्हा एकीवरच बसतं. वयानं माणूस शहाणा होतो हा आपल्या वाडवडिलांचा दावा तिथंच निकाली निघतो.

स्टीफन तर तिच्यासाठी चक्क शाळेत नाव घालतो. वय १६०च्या पुढं, हायस्कूलमध्ये प्रवेश. कन्येच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात एका कागदावर नावाची वेलांटी ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ निघाली म्हणून आमच्या घरात चार दिवस स्वयंपाक नीट झाला नव्हता. हा गृहस्थ मात्र शाळेच्या कारकून बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि बाई म्हणतात, कागदपत्रं अगदी पूर्ण आहेत. रक्त पिण्यापेक्षा ही सिद्धी मला मोठी वाटली.

आमच्या घरात या विषयातले जाणकार आणखी दोन आहेत. हिचं घराणं ‘प्यार की ये एक कहानी’चं. स्टार वनवर ऑक्टोबर २०१० ते डिसेंबर २०११ चाललेली ही मालिका. डेहराडूनचं कॉलेज, विवियन डिसेनानं केलेला अभय रायचंद हा व्हॅम्पायर, सुकिर्ती कांडपालची पिया. म्हणजे अमेरिकेत ‘व्हॅम्पायर डायरीज’चा दुसरा सीझन चालू होता त्याच दिवसांत आपल्याकडचा व्हॅम्पायरही उत्तराखंडात कॉलेजची फी भरत होता. तेव्हा कन्या हिच्या मांडीवर होती. मुलीवर संस्कार कधी झाले ते यावरून कळावं. ‘अभय कसा बघायचा नाही!’ असं ही अजून म्हणते आणि मग माझ्याकडं बघते. मी त्या काळात सेकंड शिफ्टला जास्त असायचो. सरळ हिशेब केला तर अभय रोज रात्री घरी यायचा तेव्हा मी घरी नसायचो.

आईचं दैवत वेगळं. ‘रात्रीस खेळ चाले’. झी मराठीवर २०१६ साली आलेली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या घरात चित्रित झालेली मालिका. त्यात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. २०१९च्या जानेवारीत दुसरा भाग आला तो काळाच्या उलट दिशेनं. मेलेले अण्णा हिंडतेफिरते, आणि त्यांच्या आयुष्यात शेवंता. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ती दोन माणसं अशी उभी केली की त्या वर्षी महाराष्ट्रात प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णा होते. २०२१ला तिसरा भाग, त्यात मंडळी भुतं होऊन परत. आधी मरण, मग प्रेम, मग भूत. माणसाच्या आयुष्याचा हा क्रम फक्त मराठी वाहिनीला सुचू शकतो. प्रेम आणि दगाबाजी मोजायची झाली तर तो दुसरा भाग अमेरिकेच्या कोणत्याही सीझनला भारी आहे. अण्णांनी जे केलं ते करायला तिकडं एका गावातले सगळे व्हॅम्पायर मिळून लागतात.

‘अण्णा वाईट होता,’ आई म्हणते. ‘पण घर होतं, जमीन होती, चार माणसं हाताखाली होती. तुझ्या त्या डेमनचं काय आहे गं?’

‘आजी, त्याचं मॅन्शन आहे.’

‘कुणाच्या नावावर?’

कन्या गप्प झाली, कारण प्रश्न बिनतोड होता. पुढं मला कळलं की त्या मालिकेत हा प्रश्न खरोखरच येतो. व्हॅम्पायरला कुणाच्या घरात पाऊल टाकायचं तर घरच्या जिवंत माणसानं ‘ये’ म्हणावं लागतं. म्हणून त्या वाड्याचा सातबारा कधी याच्या तर कधी तिच्या नावावर फिरत राहतो. चिंचवडच्या कुठल्याही सोसायटीत हा नियम व्हॅम्पायर नसलेल्यांनाही लागू आहे. गेटवरचा वॉचमन विचारणार, ‘किधर जाना है?’ मग फ्लॅट नंबर, मग मोबाइल नंबर, मग गाडीचा नंबर, मग अॅपवरून वरती विचारणा. वरचा माणूस अंघोळीला गेला असेल तर पाहुणा तिथंच उन्हात उभा. अशा उन्हात सहाव्या मजल्यावरच्या परवानगीची वाट बघताना स्टीफनची गेटपाशीच राख झाली असती आणि सोसायटीनं ती सुका कचरा की ओला यावर मीटिंग घेतली असती.

उन्हावर त्यांनी एक तोड काढली आहे. चेटकिणीनं मंतरलेली निळ्या खड्याची अंगठी. ती बोटात असली की व्हॅम्पायर भर दुपारी हिंडू शकतो. ती नसली की पंचाईत. आमच्याकडं हेच काम गळ्यातलं कार्ड करतं. मी त्या कंपनीत कितीही वर्षं असेन, गेटवरचे दोन्ही रखवालदार मला नावानं ओळखत असतील, पण कार्ड घरी राहिलं की मी नाही. मी आहे याचा पुरावा म्हणून मी स्वतः चालत नाही.

रक्ताचा प्रश्न तर आमच्या शहरात उद्भवलाच नसता. एलेनाच्या गावात बिचारे इस्पितळातून पिशव्या चोरतात. पिंपरी-चिंचवडमध्ये कुठल्या ना कुठल्या भाऊंचा, दादांचा, आबांचा वाढदिवस नाही असा दिवस उगवत नाही आणि रक्तदान शिबिराशिवाय वाढदिवस होत नाही. मांडव, खुर्च्या, पोहे, आणि वर प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट. व्हॅम्पायरनं मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहायचं, बस. अडचण एवढीच की भाऊंसोबत त्याचाही फोटो फ्लेक्सवर लागला असता, ‘शुभेच्छुक’ या ओळीत. मग त्याला १४५ वर्षांत कुणी ओळखलं नव्हतं ते एका रात्रीत ओळखलं असतं.

त्यांच्याकडं लांडगामाणूसही आहे. टायलर नावाचा गावच्या महापौरांचा मुलगा, त्याला दुसऱ्या सीझनमध्ये कुळाचा शाप भोवतो. पौर्णिमेचा चंद्र उगवला की याची हाडं मोडतात, अंगावर केस येतात, म्हणून तो स्वतःला तळघरात साखळदंडानं बांधून घेतो. आईनं हा प्रसंग पाहिला आणि मान डोलावली. चिंचवडला मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. संकष्टीला सगळं गाव चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात बघून घड्याळाला डोळे लावून बसतं. पावसाळ्यात ढग आले की गच्चीवर चढून चंद्र शोधणाऱ्या, सकाळपासून साबुदाण्यावर असलेल्या माणसांच्या वाटेला जाऊन बघावं. टायलर निदान साखळीनं बांधलेला असतो.

व्हॅम्पायर पापणी लवायच्या आत दुसरीकडं पोचतो, हेही कन्येनं अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, त्याला संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात आण. एका बाजूनं कांद्याचे ट्रक, कारण चाकण आधी कांद्या-बटाट्याच्या बाजाराचं गाव आहे आणि मग मर्सिडीज-फोक्सवॅगनचं. दुसऱ्या बाजूनं नव्याकोऱ्या गाड्यांनी भरलेले लांबलचक कंटेनर. मध्ये बजाज, महिंद्रा आणि त्यांना पार्ट पुरवणाऱ्यांच्या बसा, टेम्पो, मोटारसायकली, उसाचा एक ट्रॅक्टर आणि वरातीचा घोडा. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली आहे. कन्येच्या मालिकेत क्लाउस नावाचा हजार वर्षांचा मूळपुरुष व्हॅम्पायर आहे. या मार्गावरून पहिली गाडी जाईल तेव्हा हिरवा झेंडा दाखवायला तोच योग्य, वाट बघण्याचा सराव असलेला दुसरा कुणी मला दिसत नाही.

आता दुसऱ्या सीझनकडं येऊ, कारण मला कन्येनं हाताला धरून बसवलं ते त्यालाच. २२ भाग. या सीझनमध्ये कॅथरीन परत येते. आल्याबरोबर ती एलेना असल्याचं सोंग घेऊन घरात शिरते, एलेनाच्या मैत्रिणीला, कॅरोलाइनला, उशीनं गुदमरवून व्हॅम्पायर करते, टायलरच्या काकाला प्रेमाच्या थापा मारून एक चंद्रशिळा आणायला लावते. डेमन एलेनाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ सांगतो आणि लगेच डोळ्यांत बघून तिला ते विसरायला लावतो. कॅरोलाइनचा मित्र मॅट तिच्या आईशी, म्हणजे गावच्या शेरीफबाईंशी, आतून संगनमत करतो. थोडक्यात, ज्याला ज्याला दात फुटले आहेत तो दगा देतो आणि ज्याला नाहीत तोही देतो.

कन्या प्रत्येक दग्याला ‘ओ माय गॉड’ म्हणायची. आम्ही बाकीचे शेंगा सोलत होतो. त्यात आमचा दोष नाही. २३ नोव्हेंबर २०१९च्या सकाळी ज्यांनी टीव्ही लावून शपथविधी पाहिला आहे, रात्री झोपताना एक सरकार ठरलेलं आणि सकाळी चहाला दुसरंच, त्या महाराष्ट्राला अमेरिकन लेखक काय दगा दाखवणार? त्यानंतरची राजकारणाची पर्वं धरली तर इथल्या माणसाला आता कोण कुणाच्या बाजूनं आहे हे विचारायचंही सुचत नाही. तो फक्त ‘सध्या?’ एवढं विचारतो.

चंद्रशिळेचं तर मला लगेच कळलं. गावातले व्हॅम्पायर, लांडगे, चेटकिणी, सगळे त्या एका दगडासाठी जिवावर उठलेले. दिसायला साबणाची वडी. तो मिळाला की सूर्य-चंद्राचा शाप सुटणार अशी समजूत. आमच्या पट्ट्यात तो दगड म्हणजे भंगाराचा ठेका. कंपनी गाडी बनवते, गाडी बनवताना पत्र्याचे तुकडे उरतात, आणि त्या तुकड्यांसाठी जे काही होतं ते पाहिलं की मुख्य उत्पादन कुठलं असा प्रश्न पडतो. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या त्यांचा एक हक्क, ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांचा दुसरा, ज्यांचा काहीच संबंध नाही त्यांचा सगळ्यात मोठा.

पण या सीझनची खरी कलाटणी मला आतून हलवून गेली. शेवटाकडं कळतं की सूर्य-चंद्राचा शाप ही मुळात थाप होती. क्लाउसनंच ती शेकडो वर्षांपूर्वी पसरवली होती, म्हणजे जगभरचे व्हॅम्पायर आणि लांडगे आपापला शाप सोडवायच्या आशेनं त्याच्यासाठी दगड आणि एलेनासारखी मुलगी शोधत राहतील. फुकट. पिढ्यान्‌पिढ्या.

ही बातमी ऐकून मी शेंगांची परात खाली ठेवली. कारण आमच्याकडंही एक थाप आहे आणि ती दर दिवाळीच्या आधी पसरते. यादी लागणार.

यादी म्हणजे परमनंटची यादी. चाकणच्या कुठल्याही कंपनीत ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी अशी जी पोरं असतात, त्यांना त्या यादीच्या आशेवर ओव्हरटाइमला थांबवता येतं, रविवारी बोलावता येतं, दुसऱ्याच्या लाइनवर उभं करता येतं. ‘या वेळी आठ जण घेणार म्हणे.’ कोण म्हणालं? कुणीच नाही. पण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हजार वर्षं डोकं चालवून क्लाउसला जे जमलं ते आमच्याकडं एखाद्या मध्यम दर्जाच्या सुपरवायझरला चहाच्या टपरीवर जमतं.

त्या मालिकेचा एक नियम असा की व्हॅम्पायर जितका जुना तितका बलवान. नव्याची मान जुना एका हातानं मोडतो. हा नियम लेखकांनी बहुतेक पिंपरीत येऊन टिपून नेला असावा. १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग साताऱ्या-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंतची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन पिंपरी स्टेशनवर उतरली. माझे वडील त्यांतलेच. त्या पिढीत माणूस चिकटला की चिकटला. युनियनचा करार झाला की गुलाल, पेढे, घरी फ्रीज. साहेब त्यांना घाबरायचे. ते खरे मूळपुरुष. त्यांना फक्त एकच शस्त्र लागू पडलं, ते म्हणजे व्हीआरएस. पाकीट मोठं होतं, म्हणून बऱ्याच जणांनी ते स्वतःच्या हातानं छातीत रोवून घेतलं.

मग आमची पिढी. आम्ही कायम झालो, पण नाकदुऱ्या काढून. आणि आता आमच्या हाताखाली जी पोरं येतात त्यांचं आयुष्य महिन्यांत मोजतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षात २४० दिवस भरले की अखंड सेवा मानली, म्हणून २४० हा आकडा आमच्या पट्ट्यात भुतापेक्षा जास्त टाळला जातो. दिवस भरत आले की ‘ब्रेक’. पोरगा गावी जातो, नांगर धरतो, लग्नात वाढतो, आणि परत फोन येतो का म्हणून मोबाइल चार्जिंगला लावून ठेवतो. अमेरिकेत वाहिनीवाले मालिका पुढच्या सीझनला घ्यायची की नाही हे वसंतात ठरवतात तेव्हा नटांची काय अवस्था होते ते मला माहीत नाही, पण इथल्या पोरांना ती नीट समजेल.

म्हणून त्या मालिकेतली एक गोष्ट मला व्हॅम्पायरांपेक्षा अघटित वाटते. त्या गावात जवळपास कुणीच कामाला जात नाही. दर दोन भागांनी नाच, मुखवट्यांची मेजवानी, स्थापना दिवस, पिकनिक. मारामारीही दुपारच्या वेळी, सगळे हजर. आमच्याकडं त्या दोन भावांची समोरासमोर गाठ पडायलाच अडीच सीझन लागले असते. एकाची फर्स्ट, दुसऱ्याची थर्ड, एलेना हिंजवडीला आयटीत. पिंपरी-भोसरीच्या पुष्कळ कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, तिला शनिवार-रविवार. प्रेमाचा त्रिकोण व्हायला तिन्ही टोकं एका वेळी जागी तरी असावी लागतात. या भागात मी असे नवरा-बायको पाहिले आहेत, की तो सकाळी गाडीवरून उतरतो, ती त्याच गाडीवर चढते, मधल्या मिनिटात किल्ली, हेल्मेट आणि ‘दूध तापवलंय’ एवढं हस्तांतर होतं. त्यांच्या संसारात दगाबाजी नाही, कारण तिला वेळ कुठून आणायचा?

त्या गावात नियमित कामावर जाणारा पोरगा एकच, मॅट. हॉटेलात वेटर. आईला तो फार आवडला. ‘कष्टाळू आहे गं पोरगा,’ ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की जो कमावतो त्याला ना मुलगी मिळते ना दात.

आईच्या मते मुळात त्यांच्या भुतांचंच चुकतं. आमच्याकडं अल्पवयीन भूत म्हणजे मुंज्या. मुंज झालेला, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आत गेलेला पोरगा. पिंपळावर बसतो आणि त्याचं एकच मागणं, माझं लग्न लावा. आदित्य सरपोतदारांचा २०२४चा ‘मुंज्या’ चित्रपट त्यावरच चालला. मुद्द्याला धरून बोलणारं भूत. एलेनाच्या गावातली भुतं दीडशे वर्षं नुसती बघतात, उसासे टाकतात, ‘मी तुझ्या लायक नाही’ म्हणतात आणि खिडकीतून निघून जातात. ‘लायक नाही तर मग आलास कशाला इतक्या लांबून?’ असं आईनं टीव्हीला तोंडावर विचारलं.

सीझनचा शेवटही तिनंच मला उलगडून दाखवला. डेमनला लांडगा चावतो, तो मरणार असतो. औषध फक्त क्लाउसच्या रक्तात. क्लाउस म्हणतो, भाऊ जगायला हवा ना, मग तू घरदार, एलेना सगळं सोडून माझ्याबरोबर चल, दहा वर्षं. स्टीफन कबूल होतो. कन्येच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

‘म्हणजे भावासाठी दहा वर्षांचा बाँड लिहून दिला,’ आई म्हणाली.

अगदी बरोबर. बाँड. आमच्या ट्रेनी पोरांपैकी कितीतरी जण अशाच कुणासाठी तरी चाकणला उभे आहेत. बहिणीचं लग्न, भावाची फी, बापाच्या बोअरवेलचं कर्ज. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळा जवळपास दोन महिने शायिस्तेखानाच्या फौजेशी झुंजला. किल्ला पडल्यावर खानानं त्याला आपल्याकडं चांगली नोकरी देऊ केली आणि त्यानं ती नाकारली, असं सांगतात. चाकणमध्ये मोठ्या घराचं ऑफर लेटर नाकारणारा मला माहीत असलेला तो पहिला आणि शेवटचा.

गेल्या थर्डला पहाटे तीनच्या चहाला मी ही सगळी कहाणी आमच्या लाइनवरच्या एका ट्रेनीला सांगितली. लातूरकडचा पोरगा, खराबवाडीत पाच जणांत एक खोली. गावाकडं एक मुलगी आहे, तिच्या बापाला पोरगा पसंत आहे, जात जुळते, पत्रिकाही जुळते. अट एकच, ती यादीची. आणि याचा ब्रेक जवळ आलेला. म्हटलं, दुसऱ्याच्या प्रेमाचे हाल ऐकून जरा जीव रमेल.

त्यानं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, ‘सर, म्हंजे तो रक्त पिऊन जगायलाय?’

‘हो.’

‘मग मेसचा खर्च नाही.’

‘नाही.’

‘वाडा हाय म्हणालात. म्हंजे खोलीभाडं नाही. आजारी पडत नाही, म्हंजे सुट्टी नाही. रात्री झोपत नाही, म्हंजे ओटी किती बी करा. मग पोरीच्या घरच्यांना अडचण काय हाय?’

‘अरे, तो १६० वर्षांचा आहे.’

‘सीनियारिटी, सर!’ तो म्हणाला, आणि मला माझा मुद्दा सापडेना.

सायरनला दोन मिनिटं राहिली होती. त्यानं कप चुरगाळून डब्यात टाकला. ‘एक सांगा सर, त्याला परमनंट केलं कुणी? चिठ्ठी कुणाची लागली?’

‘कॅथरीनची. दोघा भावांना तिनंच केलं. तिचं रक्त पोटात असताना माणूस मेला की तो कायमचा.’

‘लेखी परीक्षा नाही? ब्रेक नाही?’

‘काही नाही. डायरेक्ट. पण मरावं लागतं.’

त्यानं एकवार लाइनकडं पाहिलं. बेल्ट सुरू झाला होता, सुपरवायझर हात हलवून बोलावत होता.

‘ते तर इथं बी चालूच हाय की,’ तो ग्लोव्ह्ज चढवत म्हणाला. ‘तेवढा त्या मॅडमचा नंबर द्या, सर.’